मन बरे झाले, हे कशावरून?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या आनंदाच्या प्रसंगी मनाच्या आजारांविषयी बोलावे, हे काहींना थोडे विसंगत वाटले असेल. परंतु घरापासून दूर आलेल्या कुटुंबांनी पन्नास वर्षे एकत्र काढली, याचा अर्थ त्यांनी केवळ गणेशोत्सव आणि कोजागरी साजरी केली असा होत नाही. एकमेकांची दुखणीखुपणीही त्यांनी सांभाळली. रुग्णालयात डबा पोचवणे, रात्रीचे जागरण करणे, रक्तदात्यासाठी धावाधाव करणे हे आपल्या अंगवळणी पडले आहे. मनाच्या दुखण्यापाशी मात्र आपली पावले अजून अडखळतात. तेथे डबा कोणता न्यायचा, हेच आपल्याला समजत नाही.

मानसिक आजारांची लक्षणे किंवा त्यांची कारणे हा आज माझा विषय नाही. औषधांवाचून, संवादाच्या मार्गाने जे उपचार केले जातात, ज्यांना आपण मानसोपचार किंवा समुपदेशन म्हणतो, त्यांचा गुण आला की नाही हे ठरवायचे कसे, एवढाच मर्यादित प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. तो वरकरणी तज्ज्ञांचा प्रश्न वाटतो. परंतु ज्याला पैसे मोजून, रजा काढून आणि मुख्य म्हणजे संकोच गिळून समुपदेशकाकडे जावे लागते, त्याचा तो आधी आहे. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातील दहा ते अकरा प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले. विविध विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ इतके मोठे होते. अशा देशात जो थोडका उपचार उपलब्ध आहे तो खरोखर उपयोगी पडतो काय, हे विचारणे आपले कर्तव्यच ठरते.

आपल्या भाषेत 'हातगुण' असा एक सुंदर शब्द आहे. अमक्या वैद्यांचा हातगुण चांगला, असे आपण सहज म्हणून जातो. त्यात कृतज्ञता आहे, श्रद्धा आहे आणि पुष्कळदा सत्यही आहे. परंतु हातगुणाची आपली प्रचिती बहुधा एकाच घटनेवर उभी असते: गेलो, आणि बरे वाटले. याच दोन शब्दांमध्ये तीन फसवे दुवे दडलेले असतात.

पहिला दुवा निसर्गाचा. सर्दीला औषध घेतले तर ती सात दिवसांत बरी होते आणि न घेतले तर आठवड्याने, हा जुना विनोद आपण सारे जाणतो. मनाच्या पुष्कळ व्यथाही काळाच्या ओघात आपोआप ओसरतात. दुसरा दुवा वेळेचा. मनुष्य समुपदेशकाकडे जातो तो बहुधा दुःखाची परिसीमा झाल्यावर. भरतीची लाट शिखरावर असताना जो समुद्राची प्रार्थना करील, त्याला ओहोटी हे प्रार्थनेचे फळ वाटणारच. तिसरा दुवा माणुसकीचा. ज्याने तासभर आपले ऐकून घेतले, त्याला 'काही फरक नाही' असे तोंडावर सांगणे आपल्यासारख्या भिडस्त माणसांना जड जाते.

या शंका १९५२ साली लंडनच्या हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने कठोर शब्दांत जगापुढे मांडल्या. सात हजारांहून अधिक रुग्णांची प्रसिद्ध झालेली माहिती एकत्र करून त्याने असे प्रतिपादन केले की, मज्जाविकृतीचे म्हणून ओळखले जाणारे सुमारे दोनतृतीयांश रुग्ण दोन वर्षांच्या अवधीत सुधारतात, मग त्यांना मानसोपचार मिळोत वा न मिळोत. मानसोपचारकांच्या जगात मोठी खळबळ उडाली. आयझेंकच्या मांडणीतही दोष होते. त्याने तुलनेसाठी घेतलेले गट एकसारखे नव्हते आणि 'सुधारणा' या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा होता. तथापि त्याचा मूळ प्रश्न रास्त होता. उपचार घेतलेल्यांपैकी किती बरे झाले, एवढेच सांगून भागत नाही. तसेच असलेले, परंतु तो उपचार न घेतलेले किती बरे झाले, हे शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्या आकड्याला अर्थ येत नाही.

यातून तुलनेची शिस्त निर्माण झाली. रुग्णांची दोन गटांत विभागणी करावयाची, ती वैद्याच्या किंवा रुग्णाच्या मर्जीने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्या तशी. म्हणजे अधिक आजारी, अधिक शिकलेले, अधिक आशावादी असे लोक एकाच बाजूला गोळा होण्याची शक्यता उरत नाही. आणि शेवटी तपासणी करणाऱ्याला कोण कोणत्या गटातला, याची कल्पना असू द्यावयाची नाही.

औषधाच्या बाबतीत हे तुलनेने सोपे आहे, कारण औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. संवादाची निष्क्रिय गोळी कशी करावी? या पेचावर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी जो मार्ग काढला, तो आपण अभिमानाने लक्षात ठेवावा असा आहे. पतंजलींच्या योगविचारावर आधारलेली एक उपचारपद्धती त्यांनी चिंताग्रस्त आणि मनोकायिक विकार असलेल्या रुग्णांसाठी बसवली. त्याविषयीचे त्यांचे निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाले. 'योग आपला आहे, म्हणून तो गुणकारी असणारच', असे म्हणून ते थांबले नाहीत. संपूर्ण पद्धती आचरणाऱ्या रुग्णांची तुलना त्यांनी दुसऱ्या रुग्णांशी केली. या दुसऱ्या रुग्णांकडून बाहेरून तशाच दिसणाऱ्या, परंतु मूळ तत्त्व वगळलेल्या क्रिया करून घेतल्या जात होत्या. संपूर्ण उपचार घेतलेल्यांत सुधारणा अधिक आढळली. आज त्या प्रयोगाची पद्धत अपुरी वाटेल, परंतु आपल्या परंपरेतील गोष्टही तुलनेच्या कसोटीवर घासून पाहण्याचे धैर्य त्यात होते.

पुढे १९७७ साली अमेरिकेत मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून एक समग्र हिशेब मांडला. त्यांना असे आढळले की, मानसोपचार घेतलेला सरासरी मनुष्य, उपचार न घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ७५ जणांहून अधिक चांगल्या स्थितीत असतो. आयझेंकच्या प्रश्नाला हे आश्वासक उत्तर होते. मात्र त्यालाही पुढे कात्री लागली. ज्या प्रयोगांतून यश दिसते ते छापले जातात आणि अपयशाचे कागद खणात पडून राहतात. हॉलंडचे पिम काउपर्स व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली खिन्नतेवरील मानसोपचारांच्या अभ्यासांत हा पक्षपात गृहीत धरून पुन्हा गणित केले, तेव्हा परिणामाचे माप ०.६७ वरून ०.४२ वर आले. परिणाम उरला, परंतु जाहिरातीत सांगितला जातो त्याहून लहान. उपचारांविषयी प्रामाणिकपणे बोलावयाचे तर दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

हातगुणाचेही असेच झाले. भिन्न पद्धतींच्या उपचारांत सुधारणेचे प्रमाण पुष्कळदा सारखेच का येते, हा विचार सॉल रोझेन्झ्वाइग यांनी १९३६ सालीच मांडला होता. पद्धतीइतकेच महत्त्व उपचारक आणि रुग्ण यांच्यातील विश्वासाच्या नात्याला असावे, असे त्यानंतरच्या संशोधनातून वारंवार सूचित झाले आहे. काही उपचारकांचे रुग्ण इतरांच्या रुग्णांपेक्षा सातत्याने अधिक सुधारतात, हेही दिसून आले आहे. म्हणजे हातगुण ही निव्वळ कल्पना नव्हे. फक्त तो कीर्तीवरून ओळखता येत नाही, मोजूनच ओळखावा लागतो.

आता मोजावयाचे ते काय? मनाला तापमापक लावता येत नाही. म्हणून माणसालाच विचारावे लागते, आणि विचारण्याची पद्धत सर्वांसाठी एकच असावी म्हणून प्रश्नावल्या तयार झाल्या. आज जगभर वापरली जाणारी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटणे, कशात रस न वाटणे, झोप बिघडणे, भूक बिघडणे, स्वतःला कमी लेखणे, जगणे नकोसे वाटणे अशा नऊ तक्रारी किती वेळा जाणवल्या, एवढेच ती विचारते. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण आणि एकूण बेरीज जास्तीत जास्त २७. सर्वसाधारणपणे दहा वा अधिक गुण आले तर तज्ज्ञाने नीट तपासावे, असा संकेत आहे. ही बेरीज म्हणजे निदान नव्हे. मात्र त्याच माणसाची पहिल्या भेटीतील बेरीज आणि सहाव्या भेटीतील बेरीज शेजारी ठेवली, म्हणजे स्मरणाला आणि भिडेला फसवता येत नाही असे काही तरी हाती लागते.

आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांचा खास प्रश्न येथेच उभा राहतो, आणि तो भाषेचा आहे. 'करमत नाही' या दोन शब्दांचे दुसऱ्या भाषेत काय करावे? गावाकडचे घर बंद करून मुलाकडे राहावयास आलेली आई जेव्हा 'इथं करमत नाही रे' म्हणते, तेव्हा तो कंटाळा असतो, आठवण असते, की आजाराची सुरुवात? तिला कोणी हिंदीतून वा इंग्रजीतून विचारले, 'तुम्ही उदास आहात का?' तर ती 'नाही' म्हणेल, आणि ते खरेही असेल. ती उदास नाही, तिला करमत नाही. याउलट, येथेच जन्मलेल्या आणि शाळेत वेगळ्याच भाषेत वाढलेल्या तिच्या नातीला मराठी प्रश्नावली परकी वाटेल. 'जीव घाबरा होतो', 'डोक्याला मुंग्या येतात', 'अंगात त्राण नाही' असे पुष्कळ जण मनाचे दुःख शरीराच्या भाषेत सांगतात. म्हणून प्रश्नावलीचे नुसते भाषांतर पुरत नाही. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहावे लागते, रुग्णांशी बोलून शब्द बदलावे लागतात, आणि मिळालेले गुण तज्ज्ञाने प्रत्यक्ष मुलाखतीत काढलेल्या निष्कर्षाशी ताडून घ्यावे लागतात. हे न करता काढलेला आकडा अचूक दिसतो, पण तो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो.

न करमणे आणि खिन्नता यांतला भेद घरच्या माणसांना कसा कळावा? गावाहून कोणी आले, फोन आला, हळदीकुंकवाचे बोलावणे आले, की जिचा चेहरा फुलतो, तिला बहुधा सोबत हवी असते. परंतु आवडत्या गोष्टीतही रस उरला नाही, झोप आणि जेवण बिघडले, 'मी तुम्हांला भार झाले' असे बोलणे सुरू झाले आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, तर तज्ज्ञाचा सल्ला घेण्यास विलंब लावू नये. मरणाचे विचार बोलून दाखवले तर दोन आठवडेही थांबू नये.

भाषेची आणि तुलनेची अशी दुहेरी काळजी घेऊन केलेले मोलाचे काम आपल्या शेजारच्या गोव्यात झाले. तेथील 'संगत' या संस्थेशी संबंधित डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखान्यांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. २,७९६ रुग्ण त्यात सहभागी होते. निम्म्या दवाखान्यांत प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक नेमले होते. त्यांच्यापाशी मानसोपचाराची व्यावसायिक पदवी नव्हती. निदान पक्के झालेल्या रुग्णांची सहा महिन्यांनी पाहणी केली, तेव्हा सरकारी दवाखान्यांत समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ६६ बरे झाले होते आणि न मिळालेल्यांपैकी शेकडा ४३. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरकच आढळला नाही, कारण तेथे समुपदेशकाशिवायही सुमारे तितकेच लोक बरे झाले होते. तुलनेसाठी दुसरा गट घेतला नसता, तर खासगी दवाखान्यांतील यशाचे श्रेयही समुपदेशकांना देऊन मोकळे होता आले असते.

त्यानंतर त्याच मंडळींनी तीव्र खिन्नतेच्या ४९५ रुग्णांसाठी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींचा एक साधा उपचार योजला. खिन्न मनुष्य हळूहळू कामे सोडतो, माणसे टाळतो, आणि त्यामुळे आणखी खिन्न होतो. हे चक्र छोट्या छोट्या, अर्थपूर्ण कृतींनी उलटे फिरवावयाचे, हे त्याचे सूत्र. समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून त्यांचे सहकारीच त्या ऐकत आणि कामाचे गुणांकन करीत. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जणांचे गुण दहाच्या खाली आले, तर इतरांत शेकडा ३९ जणांचे. बारा महिन्यांनी हे प्रमाण ६३ आणि ४८ असे होते. केवळ प्रश्नावलीवर न थांबता महिन्यात किती दिवस काम बुडाले, आत्महत्येचे विचार कमी झाले काय, हेही त्यांनी पाहिले. माझ्या मते बरे होण्याचे माप हेच आहे. गुणांची बेरीज घटली, पण मनुष्य चुलीपाशी, कामावर, चार माणसांत परतला नाही, तर हिशेब अपुरा राहिला.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेकडा ६४ सुधारले, म्हणजे ३६ जण तीन महिन्यांनी त्या रेषेपलीकडे आले नव्हते. उत्तम रीतीने दिलेल्या, कसोटीस उतरलेल्या उपचारानेही सर्वांना गुण येत नाही. ज्याला आला नाही, तो काय समजतो? 'शेजाऱ्याला गुण आला, मला आला नाही, तेव्हा खोट माझ्यातच आहे.' घरची माणसेही नकळत तेच बोलतात: 'तू मनावरच घेत नाहीस.' आजारी माणसाच्या खांद्यावर अपयशाचे हे दुसरे ओझे येते, आणि तो पुन्हा कोणाकडे जात नाही.

उपचारकाला तरी हे कळते काय? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे साडेपाचशे रुग्णांच्या उपचारकांना विचारण्यात आले की, यांपैकी कोणाची स्थिती अखेरीस बिघडलेली असेल? त्यांनी तिघांची नावे सांगितली. प्रत्यक्षात बिघडले चाळीस, आणि त्या तिघांपैकी एकच अंदाज खरा निघाला. त्याच वेळी दर भेटीस भरून घेतलेल्या प्रश्नावलीने मात्र बिघडणाऱ्यांपैकी बहुतेकांची सूचना आधीच दिली होती. हे उपचारक निष्काळजी नव्हते. आशा हा त्यांच्या व्यवसायाचा धर्म आहे, आणि आशावादी दृष्टीला घसरण उशिरा दिसते. प्रश्नावलीला आशा नसते, म्हणून ती उपयोगी पडते.

याच विचाराने इंग्लंडमध्ये २००८ साली सरकारी आरोग्यसेवेत मानसोपचारांची एक व्यापक योजना सुरू झाली. तिच्यात जवळजवळ प्रत्येक भेटीच्या वेळी गुण नोंदवले जातात. केवळ आरंभी आणि अखेरीस नोंद घेतली, तर मध्येच सोडून गेलेल्यांची अखेरची नोंद मिळत नाही. असे लोक तुलनेने कमी सुधारलेले असतात, म्हणून त्यांना वगळून काढलेले यश फुगलेले असते, हे त्या योजनेच्या प्राथमिक प्रयोगांतच दिसून आले होते. उपचार पूर्ण केलेल्यांपैकी निम्मे तरी बरे व्हावेत, असे तिचे उद्दिष्ट ठेवले गेले. टीकाकार म्हणतात की, एकाच भेटीनंतर न परतलेल्यांचा हिशेब त्यात येत नाही, आणि आकड्यांच्या मागे लागून माणसाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे. दोन्ही आक्षेप दखल घेण्याजोगे आहेत. तरी गळालेल्यांची विचारपूस करणारी वही तेथे आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

बंधुभगिनींनो, आपण येथून काय घेऊन जावे? आपल्या घरातील कोणी समुपदेशकाकडे जात असेल, तर आरंभीच चार प्रश्न विचारण्याचा संकोच करू नये. आपली पद्धत कोणती आणि ती या त्रासावर तपासली गेली आहे काय? सुधारणा कशी मोजणार आणि ती नोंद आम्हांला दाखवणार काय? साधारण किती भेटींत फरक दिसावा? आणि न दिसला तर पुढे काय करणार? चांगल्या समुपदेशकाला हे प्रश्न अपमानास्पद वाटणार नाहीत. पाचसहा भेटींनंतरही फरक नसेल, तर उपचाराची दिशा, उपचारक किंवा पद्धत बदलावी लागेल, किंवा औषधांची जोड द्यावी लागेल. त्यात रुग्णाचा पराभव नाही. मात्र चालू औषध कोणाच्याही सांगण्यावरून आपल्याच मनाने बंद करू नये. तीव्र आजारांत औषध आणि संवाद ही परस्परांची जागा घेणारी साधने नव्हेत.

मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला आहे. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती वीस भाषांतून दिली जाते. आपल्या मंडळाने हा क्रमांक दर्शनी फलकावर लावावा आणि या शहरात मराठीतून बोलू शकणाऱ्या तज्ज्ञांची यादी कार्यालयात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. रुग्णाला अर्ज भरताना, प्रश्नावली समजावून घेताना, आपल्या भाषेतील एखादा शब्द डॉक्टरांना उलगडून सांगताना सोबत हवी असते. रुग्णाची इच्छा असेल तेथे आणि तो जेवढे सांगेल तेवढेच, ही मर्यादा पाळून अशी सोबत देणारे चारपाच स्वयंसेवक पुढे आले, तर मनाच्या दुखण्यासाठी डबा कोणता न्यावा, याचे एक उत्तर आपल्याला मिळेल.

आणि ज्याला पहिल्या उपचाराने गुण आला नाही, त्याच्या घरी पुन्हा जावे. बरे झालेल्यांची गोष्ट सगळेच सांगतात. त्याला मात्र एवढेच सांगावे की, हा उपचार तुम्हांला लागू पडला नाही, दुसरा पाहू. मी बरोबर येतो.